बघण्याआधीच पुसलेला सिनेमा

सोनीच्या ‘बेटामॅक्स’ या घरगुती व्हिडिओ रेकॉर्डरविरुद्धच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ साली दिलेल्या निकालाच्या तळटिपेत एका साध्या गिऱ्हाइकाच्या टीव्ही बघण्याचा पंचनामा आहे. या गृहस्थाकडे सुमारे शंभर कॅसेट होत्या. युनिव्हर्सल स्टुडिओच्या एका सिनेमाची वीसेक मिनिटं आणि त्यांच्याच दोन मालिकांचा एकेक भाग त्याने घरी रेकॉर्ड केला होता. आणखी दोन सिनेमे रेकॉर्ड करून पुसून टाकले होते. त्यातला एक तर कुणी बघायच्या आतच पुसला गेला होता. शिवाय बातम्या, माहितीपट, खेळांचे सामने, आणि निक्सन-केनेडी वादविवादाचं पुनःप्रक्षेपण.

एवढ्या मोठ्या न्यायालयाला एका माणसाच्या कॅसेटची उठाठेव कशाला, असं वाटेल. पण तो सगळा खटलाच शेवटी या प्रश्नापाशी येऊन थांबला होता की, रेकॉर्डर घरात आल्यावर माणूस टीव्हीचं नेमकं करतो काय? मी ते निकालपत्र वाचायला घेतलं कॉपीराइटच्या कुतूहलापोटी, आणि डोक्यात राहिला तो हा माणूस. यंत्र घेताना त्याने ठरवलं होतं एक आणि सवय लागली भलतीच. आमच्या घरीही पुढे तेच झालं. त्याकडे नंतर येतो.

यंत्र आणि जाहिरात

टीव्हीवरचे कार्यक्रम कॅसेटवर उतरवणारा बेटामॅक्स सोनीने १९७५ मध्ये आणला. अमेरिकेत तो पहिल्यांदा विकायला आला तेव्हा टीव्ही आणि रेकॉर्डर एकाच लाकडी कपाटात बसवलेले होते, आणि किंमत होती दोन हजार डॉलरच्या वर. कॅसेट एका तासाची. म्हणजे दीड तासाचा सिनेमा घ्यायचा तर मध्ये उठून कॅसेट बदला, नाहीतर शेवटावर पाणी सोडा. दोन तासांची सोय १९७७ मध्ये झाली. त्याच वर्षी व्हीएचएस या वेगळ्या, प्रतिस्पर्धी कॅसेट-पद्धतीचे लोक अमेरिकेत चार तासांचं यंत्र घेऊन उतरले आणि सोनीच्या पायाखालची वाळू सरकू लागली. पण ती कहाणी सगळ्यांना माहीत आहे.

सवयीच्या दृष्टीने महत्त्वाच्या होत्या त्या यंत्राच्या तीन खुब्या. पहिली, रेकॉर्डरचा स्वतःचा वेगळा ट्यूनर. टीव्हीवर एक चॅनेल बघत असताना दुसरं टेपवर घेता यायचं. दुसरी, टायमर. दुपारी माणूस कामावर असला तरी दुपारचा कार्यक्रम संध्याकाळी त्याची वाट बघत असायचा. तिसरी, पॉज आणि फास्ट फॉरवर्डची बटणं. पॉज दाबून जाहिरात गाळता यायची खरी, पण त्यासाठी रेकॉर्डिंग चालू असताना समोर बसून पहारा द्यावा लागे; आणि समोर बसायचंच असेल तर रेकॉर्डिंग कशाला? फास्ट फॉरवर्ड केलं तर सुरुवातीच्या यंत्रांवर चित्र दिसायचं नाही. जाहिरात संपली असेल अशा अंदाजाने बटण सोडायचं. बहुतेकदा एकतर जाहिरातीच्या शेपटावर यायचं, नाहीतर कथेत दोन मिनिटं पुढे.

सोनीचे अकिओ मोरिता म्हणायचे की, पुस्तक घरात आलं की त्याच घटकेला वाचायला बसावं लागत नाही, मग टीव्हीचा कार्यक्रम तो लागेल तेव्हाच का बघायचा? याला त्यांनी ‘टाइम शिफ्ट’ म्हटलं. जाहिरात करणाऱ्यांनी हे तत्त्वज्ञान गिऱ्हाइकाच्या भाषेत आणलं. तेव्हा ‘कोजॅक’ आणि ‘कोलंबो’ या दोन पोलिसी मालिका दोन वेगळ्या चॅनेलवर जोरात होत्या. एक बघतोय म्हणून दुसरी चुकवायची गरज नाही, असा त्या जाहिरातीचा आशय होता.

घोटाळा असा की या दोन्ही मालिका युनिव्हर्सलच्या होत्या. आपल्याच दोन मालिकांची नावं घेऊन आपल्याच मालिकांची नक्कल करणारं यंत्र विकलं जातंय, हे स्टुडिओच्या वरिष्ठांना झोंबलं. नोव्हेंबर १९७६ मध्ये युनिव्हर्सल आणि डिस्ने यांनी लॉस एंजेलिसच्या फेडरल न्यायालयात दावा ठोकला. सोनी, तिची अमेरिकेतली कंपनी, जाहिरात संस्था, काही दुकानदार आणि एक गिऱ्हाईक, असे प्रतिवादी. जाता जाता एक गोष्ट नोंदवून ठेवतो. युनिव्हर्सलची मालक कंपनी एमसीए याच काळात स्वतःची व्हिडिओ डिस्क बनवत होती. तिच्यावर सिनेमा लावता यायचा, पण घरी रेकॉर्ड काही करता यायचं नाही. प्रेक्षकाने घरी कसं वागावं याबद्दल स्टुडिओची अपेक्षा त्या एका फरकात कळते.

शंभर कॅसेटचा मालक

हा गृहस्थ खटल्यात आला कसा, हेही मजेशीर आहे. तो वादींच्याच वकिलांचा अशील होता आणि स्वतःच्या संमतीने प्रतिवादी झाला होता. त्याच्याकडून एका डॉलरचीही भरपाई मागितलेली नव्हती. वादींना हाडामांसाचा एक गिऱ्हाईक हवा होता. घरात बसून रेकॉर्ड करणारा माणूसच कायदा मोडत नसेल, तर त्याला यंत्र विकणाऱ्याला धरणार कशाच्या जोरावर? आधी त्याचा गुन्हा, मग त्या गुन्ह्याला हातभार लावल्याबद्दल सोनीचा.

म्हणून जबानीत त्याला त्याच्या कॅसेटबद्दल खोदून विचारलं गेलं. बेटामॅक्स घेतला तेव्हा त्याच्या मनात दोन गोष्टी होत्या. रेकॉर्ड करायचं, सवडीने बघायचं, पुसायचं, ही एक. आणि चांगल्या कार्यक्रमांचा संग्रह करायचा, ही दुसरी. दुसरी गोष्ट खिशाला परवडेना. जबानी झाली तोवर तो जुन्या कॅसेट पुसून पुन्हा वापरायला लागला होता. युनिव्हर्सलचा एकही सिनेमा जपून ठेवायचा त्याचा इरादा नव्हता. सुरुवातीला सांगितलेली ती वीस मिनिटं आणि दोन मालिकांचे भागसुद्धा त्याने केव्हाच पुसले असते, पण वादींच्या वकिलांनी ठेवायला सांगितलं म्हणून ते राहिले. स्टुडिओला ज्या नकलांची धास्ती होती, त्या नकला टिकल्या त्या स्टुडिओच्याच वकिलांच्या सांगण्यावरून.

टीव्ही आल्यापासून त्यावरची प्रत्येक गोष्ट लागली की गेली, अशीच होती. नाटकाचा प्रयोग निदान पुढच्या शनिवारी पुन्हा असतो, पण टीव्हीवरचा मंगळवारचा भाग चुकला की चुकला. अशा माणसाच्या हातात धरून ठेवायचं यंत्र आलं की पहिली ऊर्मी सगळंच धरून ठेवायची असते. दुष्काळातून आलेला माणूस पंगतीत जसा वाढून घेतो, तशी. मग कॅसेट साठतात. शंभर कॅसेट म्हणजे एका तासाच्या हिशेबाने शंभर तास. ते बघायला शंभरच तास लागतात, आणि तोवर टीव्ही रोज संध्याकाळी नवं काहीतरी दाखवतच असतो. कार्यक्रमाची वेळ हलवता आली, पण दिवसाचे तास होते तेवढेच राहिले.

आणि तो न बघता पुसलेला सिनेमा? का पुसला, हे निकालपत्रात नाही. ज्याने कधी रेकॉर्डर वापरला आहे त्याला ते विचारावंसंही वाटणार नाही. कार्यक्रमपत्रिका चाळताना सिनेमा बघावासा वाटतो. टायमर लावला जातो. शनिवारी कॅसेट हातात येते तेव्हा घरात पाहुणे असतात, किंवा फुटबॉलचा सामना घ्यायचा असतो आणि कोरी कॅसेट शिल्लक नसते. रेकॉर्डर नसता, तर तो सिनेमा लागला त्या रात्री हा माणूस कदाचित समोर बसून अर्धाअधिक बघून मोकळा झाला असता. आता तो चुकणार नाही याची खात्री झाली आणि बघायची घाई संपली. घाई संपल्यावर थोड्या दिवसांनी बघायची इच्छाही पातळ होते.

पाहण्या काय सांगत होत्या

एका माणसावरून खटला चालत नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी रेकॉर्डरवाल्या घरांच्या पाहण्या केल्या. दोघांचे आकडे दोन टोकांना जातील असं कुणालाही वाटेल, पण ते एकमेकांना पूरकच निघाले. वादींच्या पाहणीत ७५.४ टक्के लोक निम्म्या किंवा बहुतेक वेळा यंत्र वापरत होते ते नंतर बघण्यासाठीच. सोनीच्या पाहणीत ९६ टक्के लोकांनी एरवी चुकला असता असा कार्यक्रम कधी ना कधी रेकॉर्ड केलेला होता. तुमच्या संग्रहात किती कॅसेट आहेत, असं वादींनी विचारलं तेव्हा ५५.८ टक्के लोकांनी दहा किंवा त्याहून कमी सांगितल्या. आणि सोनीच्या बाजूने असं निघालं की महिनाभरात बघितलेल्या रेकॉर्डिंगपैकी ७०.४ टक्के एकदाच बघितली गेली होती, आणि ५७.९ टक्के पुन्हा लावायचा काही बेतही नव्हता.

म्हणजे आपला शंभर कॅसेटवाला साठ्याच्या बाबतीत जरा अतिच होता. पण पुसण्याच्या बाबतीत तो चारचौघांसारखाच होता.

टीव्ही बघणं कमी झालं का? सोनीच्या पाहणीतल्या ८१.९ टक्के लोकांनी सांगितलं की नेहमीचा टीव्ही पूर्वीइतकाच किंवा जास्त बघतो. ८३.२ टक्के लोकांच्या सिनेमाला जाण्यात फरक पडलेला नव्हता. हे आकडे लोकांनी स्वतः सांगितलेले आहेत, कुणी घरात बसून मोजलेले नाहीत, तेव्हा थोडं मीठ टाकूनच घ्यावेत. तरी दिशा पटण्यासारखी आहे. रेकॉर्डर घेणारा माणूस मुळात टीव्हीचा शौकीनच असणार. त्याला नवं यंत्र दिल्यावर तो टीव्ही सोडून बागकाम करायला लागेल ही अपेक्षाच चूक.

जाहिरातींचा आकडा मात्र मी वेगळा वाचतो. ९२ टक्के कार्यक्रम जाहिरातींसकट रेकॉर्ड होत होते, आणि फास्ट फॉरवर्ड करून जाहिराती टाळणारे फक्त २५ टक्के मालक होते. हे सारं बहुतेकांना कटकटीचं वाटत असावं, म्हणून स्टुडिओचं फारसं नुकसान नाही, असं कनिष्ठ न्यायालयाने धरलं. पण तो आकडा त्या काळच्या बटणांचा होता, प्रेक्षकाच्या मनाचा नव्हता. मनातून जाहिरात कुणालाच नको होती. फक्त आंधळं बटण दाबत अंदाज बांधण्याचा कंटाळा जाहिरात बघण्याच्या कंटाळ्यापेक्षा मोठा होता. पुढे पळवताना चित्र दाखवणारी यंत्रं आली आणि कंटाळ्याचा काटा दुसरीकडे झुकला. १९९९ मध्ये हार्ड डिस्कवर रेकॉर्ड करणारे टिवो आणि रिप्लेटीव्ही आले. टिवोच्या रिमोटवर बटणांचा एक गुप्त क्रम दाबला की एक बटण थेट तीस सेकंद पुढे उडी मारायचं. तीस सेकंद म्हणजे बरोबर एक जाहिरात, आणि हा क्रम लोक एकमेकांना सांगत असत. रिप्लेटीव्हीने तर २००१ मध्ये जाहिराती आपोआप वगळायची सोयच दिली. तिच्यावर लगेच खटले झाले, आणि ते चालू असतानाच २००३ मध्ये तिच्या मालक कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली. मुद्दा एवढाच की, सवय म्हणून जे मोजलं जातं त्यात निम्मा भाग यंत्राच्या अडचणीचा असतो, आणि अडचण दूर झाली की ‘सवय’ही एका रात्रीत बदलते.

निकाल

हा भाग आवरता घेतो. १९७९ मध्ये न्यायाधीश वॉरन फर्ग्युसन यांनी सोनीच्या बाजूने निकाल दिला. १९८१ मध्ये अपील न्यायालयाने तो फिरवला. सर्वोच्च न्यायालयात जानेवारी १९८३ मध्ये सुनावणी झाली, पण निकालाऐवजी न्यायालयाने प्रकरण ऑक्टोबरमध्ये पुन्हा ऐकायला घेतलं. हे सहसा होत नाही. आतल्या आत न्यायमूर्तींची मतं हलत होती. सुरुवातीला न्यायमूर्ती ब्लॅकमन स्टुडिओच्या बाजूचा निकाल बहुमताचा म्हणून लिहीत होते. १७ जानेवारी १९८४ रोजी निकाल आला तेव्हा त्यांचं लिखाण अल्पमताचं ठरलं होतं. पाच विरुद्ध चार मतांनी सोनी जिंकली. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी लिहिला : घरी खासगीत, नंतर बघण्यासाठी केलेलं रेकॉर्डिंग हा रास्त वापर (म्हणजे कॉपीराइटच्या मालकाच्या परवानगीशिवायही कायद्याला चालणारा) आहे, आणि ज्या यंत्राचा कायदेशीर उपयोग भरपूर आहे ते विकल्याबद्दल विक्रेत्याला दोषी धरता येत नाही.

निकालात लहान मुलांच्या कार्यक्रमाचे लोकप्रिय सूत्रधार फ्रेड रॉजर्स यांच्या साक्षीचा आधार आहे. कार्यक्रम लागतो तेव्हा काही मुलांना तो बघता येत नाही. घरच्यांना तो रेकॉर्ड करून सोयीच्या वेळी दाखवता आला तर ती त्या कुटुंबांची खरी सोय आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. बेसबॉल, फुटबॉल, बास्केटबॉल आणि आइस हॉकीच्या संघटनांनीही घरच्या रेकॉर्डिंगला हरकत घेतली नाही.

पण निकालाचा सगळा डोलारा उभा होता तो ‘बघायचं आणि पुसायचं’ या सवयीवर. शंभर कॅसेटवाल्याला त्याचा संग्रह परवडला असता, तशीच लाखो घरांनी कपाटं भरून ठेवली असती, तर हे पारडं एका मताने का होईना, दुसरीकडे गेलं असतं का? मला वाटतं, जाऊ शकलं असतं. कोऱ्या कॅसेट महाग होत्या, आणि त्या महागाईने अमेरिकी कायद्याचं एक कलम वाचायची रीत ठरवली, असं म्हणायला जागा आहे. पुढे गंमत अशी झाली की स्टुडिओंनी सिनेमे भरलेल्या कॅसेट विकून आणि भाड्याने देऊन त्याच यंत्राच्या जिवावर अफाट पैसा कमावला.

आपल्याकडे

आपल्याकडे व्हीसीआर आला त्याचं कारणच वेगळं होतं. १९८२ च्या एशियाडबरोबर रंगीत टीव्ही आला आणि त्यामागोमाग व्हीसीआर. पण चॅनेल होतं एकच, दूरदर्शन. कोजॅक की कोलंबो असा पेच पडायला आधी दोन चॅनेल लागतात. त्यामुळे आपला व्हीसीआर रेकॉर्ड करण्यापेक्षा लावण्यासाठी जास्त वापरला गेला. गणपतीत किंवा लग्नाच्या आदल्या रात्री टीव्ही, व्हीसीआर आणि तीन सिनेमांच्या कॅसेट एकत्र भाड्याने यायच्या, आणि पहाटेपर्यंत अख्खी चाळ सतरंजीवर. सकाळी यंत्र परत करायचं म्हणून तिसरा सिनेमा डुलक्या घेत का होईना, संपवायचाच. अमेरिकेत त्या यंत्राने माणसाला घड्याळातून सोडवलं, आपल्याकडे त्याने भाड्याच्या घड्याळाला बांधलं.

रेकॉर्डिंग घरात शिरलं ते नव्वदच्या दशकात, केबल आल्यावर, आणि तेही मुख्यतः क्रिकेटच्या वाटेने. आमच्या घरची गोष्ट १९९८ ची. २२ एप्रिल, शारजा, समोर ऑस्ट्रेलिया. बाबांची दुसऱ्या दिवशी पहिली पाळी होती, चारला उठायचं. त्यांनी तीन तासांची कॅसेट घातली, भारताची फलंदाजी सुरू होताना रेकॉर्डिंग चालू केलं आणि झोपायला गेले. मग वाळूचं वादळ आलं. खेळ थांबला, पण कॅसेट थांबली नाही. ती इमानेइतबारे वादळ रेकॉर्ड करत राहिली : मैदानावर पालथे पडलेले खेळाडू, उडणारे फलक, पिवळं धुकं. सचिनने त्या दिवशी १४३ केल्या. आमच्या कॅसेटमध्ये सचिन खेळत असतानाच टेप संपते.

बाबांना निकाल कॅन्टीनमध्येच कळला. सामना हरलो, पण अंतिम फेरी गाठली. तरी दुपारी घरी येऊन त्यांनी जेवणाचं ताट हातात घेऊन कॅसेट लावली आणि वादळसुद्धा पुढे न पळवता बघितलं. टेप संपल्यावर पाचेक मिनिटं कोऱ्या निळ्या पडद्याकडे बघत बसले. मग कॅसेटच्या कडेची प्लॅस्टिकची टिकली स्क्रू-ड्रायव्हरने मोडली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, व्हीएचएस कॅसेटची ती टिकली मोडली की तिच्यावर पुन्हा रेकॉर्ड होत नाही. विचार बदललाच तर त्या भोकावर सेलोटेप चिकटवायची. आमच्या एका काकांनी अशीच सेलोटेप चिकटवून स्वतःच्या मुलाच्या मुंजीवर एक अंतिम सामना घेतला होता. ते प्रकरण त्यांच्या घरात अजून मिटलेलं नाही.

खरं टाइम शिफ्टिंग आपल्याकडे आलं ते २००८ नंतर, रेकॉर्डिंगवाल्या सेट-टॉप बॉक्समुळे. आमच्याकडे तो २०१० मध्ये आला. घड्याळ लावायची भानगड नाही. कार्यक्रमाच्या नावावर जायचं, लाल बटण दाबायचं. पूर्ण मालिका लावून ठेवायचीही सोय. मला वाटलं होतं, आईची संध्याकाळची धावपळ आता संपणार. आठची मालिका असेल तर साडेसातला कुकर, पावणेआठला देवापुढे दिवा, हे सगळं त्या मालिकेभोवती बांधलेलं. आता स्वयंपाक निवांत कर, जेवण झाल्यावर बघ.

आई दोन दिवस तसं वागली. तिसऱ्या दिवशी पुन्हा आठला खुर्चीवर. कारण साडेआठला मावशीचा फोन येतो. दोघी बहिणी गेली कित्येक वर्षं मालिका संपली की फोनवर सुनेला आणि सासूला धारेवर धरतात. आई रेकॉर्डिंग साडेनऊला बघणार असेल तर त्या फोनचं करायचं काय? मालिका आईसाठी अर्धीच होती, उरलेली अर्धी फोनवर व्हायची. तिने बॉक्सचा एकच गुण उचलला, तो म्हणजे चालू टीव्ही थांबवणं. कुकरची शिट्टी झाली की पॉज, दारावर इस्त्रीवाला आला की पॉज. त्याने नवीनच घोळ झाला. साडेआठला मावशीचा फोन यायचा तेव्हा आई दहा-बारा मिनिटं मागे असायची, आणि फोन उचलताच ओरडायची, “थांब, सांगू नकोस! अजून तो दवाखान्यातच आहे.” शेवटी दोघींनी तोडगा काढला. फोन पावणेनऊला.

आणि ज्यांच्या घरी असला बॉक्स नव्हता, त्यांचंही फार अडत नव्हतं. रात्रीची मालिका दुसऱ्या दिवशी चॅनेलवर पुन्हा लागतेच. रात्रपाळीचे लोक, क्लासला जाणाऱ्या मुली, दुपारी कामं आवरून बसणाऱ्या बायका, यांचं टाइम शिफ्टिंग चॅनेल स्वतःच करत आलं आहे, तेही कॅसेटशिवाय. आपल्याकडे अशा बॉक्सचं वेड फार पसरलं नाही, त्याला मला हे एक मोठं कारण वाटतं.

मी स्वतः मात्र हुबेहूब त्या शंभर कॅसेटवाल्याच्या वाटेने गेलो. माहितीपट, जुनी नाटकं, रात्री दोनला लागणारे इराणी सिनेमे, सगळ्यांवर लाल बटण. सहा महिन्यांत डिस्क भरली. पडद्यावर जागा शिल्लक नसल्याची सूचना यायला लागली, तशी मी दर रविवारी चहा घेत यादी उघडून काय पुसायचं ते ठरवू लागलो. काही आठवड्यांनी लक्षात आलं की टीव्हीसमोरचा माझा सर्वात लक्षपूर्वक घालवलेला वेळ हाच आहे. जवळपास सगळं न बघता पुसलं जायचं. अपराधी वाटायचं का? थोडं. पण एक इराणी सिनेमा मी चौदा महिने पुसला नव्हता. पाहिलाही नव्हता.

आता डिस्कही गेली. मोबाइलवरच्या ॲपमध्ये ‘नंतर बघू’ अशी यादी असते, तिला जागा संपण्याची भीती नाही, त्यामुळे पुसायचंही कारण नाही. बेटामॅक्सचे रेकॉर्डर बनवणं सोनीने २००२ मध्ये थांबवलं आणि कॅसेट २०१६ मध्ये. त्या गृहस्थाच्या शंभर कॅसेटचं पुढे काय झालं ते निकालपत्रात नाही.

आमची शारजाची कॅसेट माळ्यावर आहे. गेल्या दिवाळीत सफाई करताना हाती लागली. टिकली मोडलेली, आणि कडेच्या पट्टीवर बाबांच्या अक्षरात निळ्या शाईने लिहिलेलं : ‘शारजा. सचिन. पुसू नये.’ बाबांना विचारलं, टाकून देऊ का, लावायला यंत्रही नाही आपल्याकडे. ते म्हणाले, राहू दे, आणि पुढच्या खोक्याकडे वळले.